आधी काळं-पांढरं, रंग नंतर: शनीच्या चंद्रांचे जुने फोटो घरी प्रोसेस करायचे तर

नासाचं कॅसिनी यान 15 सप्टेंबर 2017 रोजी शनीच्या वातावरणात शिरून जळून गेलं. तोपर्यंत त्याने साडेचार लाखांच्या आसपास फोटो पृथ्वीवर धाडले होते. त्यातले आपण वर्तमानपत्रात पाहिले ते अगदी निवडक. बाकीचे नासाच्या संग्रहात पडून आहेत, आणि ते कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. परवानगी नको, पदवी नको. या छंदात नव्याने येणारे बहुतेकजण मला पहिला प्रश्न विचारतात तो सॉफ्टवेअरचा. माझ्या मते तो चौथा किंवा पाचवा प्रश्न आहे. हा फोटो कुठल्या फिल्टरमधून, किती अंतरावरून, सूर्य कुठे असताना घेतला, हे आधी विचारायला हवं.

मी पुण्यात छपाईच्या धंद्यात आहे, प्री-प्रेसला. चार रंगांच्या चार प्लेटा एकावर एक बसवणं हे रोजचं काम. कॅसिनीचा कॅमेरा रंगीत फोटो काढतच नाही, हे कळलं तेव्हा मला हे काम एकदम ओळखीचं वाटलं. समोर फिल्टर धरून तो काळापांढरा फोटो काढतो, मग फिल्टर बदलून दुसरा, मग तिसरा. लाल, हिरव्या आणि निळ्या फिल्टरच्या तीन फ्रेम आपण एकत्र केल्या की रंग दिसतो. छापखान्यात रजिस्टर आऊट झालं, म्हणजे प्लेटा एकावर एक नीट बसल्या नाहीत, की अक्षराच्या कडेला लाल-निळी किनार येते, तशीच इथे चंद्राच्या कडेला येते. फरक एवढाच की आमच्याकडे कागद जागचा हलत नाही. इथे दोन फ्रेमांच्या मधल्या वेळात यान पुढे गेलेलं असतं आणि चंद्रही थोडा वळलेला असतो.

फोटो मिळतात नासाच्या प्लॅनेटरी डेटा सिस्टिममध्ये. शनीच्या चंद्रांसाठी तिथला कडी-चंद्र विभाग बघा. तो अमेरिकेतली सेटी इन्स्टिट्यूट सांभाळते. त्यांचं ‘ओपस’ नावाचं शोधयंत्र शिकायला एक संध्याकाळ द्याच. त्यात चंद्राचं नाव, फिल्टर, अंतर, प्रकाशाचा कोन (सूर्य, चंद्र आणि यान यांच्यातला) असं सगळं लावून शोधता येतं. मोहीम चालू असताना रोजच्या रोज टाकलेल्या जेपीईजी प्रती अजूनही इकडेतिकडे सापडतात. त्यांच्या नादी लागू नका. त्यांचा उजेड-अंधार यंत्राने आपोआप ताणलेला, म्हणजे त्यातला फरक वाढवलेला आहे, त्यामुळे एका फ्रेमची दुसरीशी तुलना करता येत नाही. आपल्याला हवी ती .आयएमजी फाइल. शक्यतो तिची कॅलिब्रेट केलेली, म्हणजे कॅमेऱ्याचे दोष काढून टाकलेली, प्रत घ्यावी, आणि सोबतचं लेबलही.

हे लेबल म्हणजे साधी मजकुराची फाइल. नवशिके ते उघडतही नाहीत. माझा अर्धा वेळ मात्र तिथेच जातो. एक्स्पोजर किती, फिल्टर कुठला, कुठल्या ओळी पाठवताना गहाळ झाल्या, हे सगळं त्यात असतं. कॅसिनीच्या कॅमेऱ्यात फिल्टरची दोन चाकं होती, म्हणून लेबलात नेहमी जोडी दिसते: एका चाकावर लाल आणि दुसऱ्यावर पारदर्शक, असं. फाइलच्या नावातही माहिती आहे. सुरुवातीला ‘एन’ असेल तर अरुंद कोनाचा कॅमेरा, ‘डब्ल्यू’ असेल तर रुंद कोनाचा. पुढचा लांबलचक आकडा म्हणजे यानाच्या घड्याळाचे सेकंद. दोन फाइलींच्या नावांची वजाबाकी केली की दोन फोटोंमध्ये किती सेकंद गेले ते समजतं. तिन्ही फिल्टर एकाच झपाट्यात घेतलेत की नाही, हे ओळखायला याहून सोपा उपाय नाही.

पहिला फोटो कुठला घ्यावा? अरुंद कोनाच्या कॅमेऱ्यात एक लाख किलोमीटरवरून एका पिक्सेलमध्ये सुमारे 600 मीटर मावतात आणि फ्रेम आहे 1024 बाय 1024 पिक्सेलची. म्हणजे पाचशे किलोमीटर व्यासाचा एन्सेलाडस एक लाख किलोमीटरवर चौकट जवळजवळ भरून टाकतो. दीड हजार किलोमीटरच्या ऱ्हियासाठी अडीच-तीन लाखांवर जावं लागेल. अशा अंतरावरची, अख्खा चंद्र चौकटीत असलेली, पारदर्शक फिल्टरची एकच फ्रेम घ्या आणि काळीपांढरीच ठेवा. अगदी जवळून घेतलेले फोटो मोह घालतात, पण त्यांच्यासाठी भूमिती लागते. ती नंतर.

आता सॉफ्टवेअर. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं ‘आयसिस’ फुकट आहे आणि सगळं करतं, पण ते लिनक्स किंवा मॅकवर चालतं आणि आज्ञा टाइप कराव्या लागतात. पायथॉन येत असेल तर ‘जीडॅल’ ही लायब्ररी कॅसिनीच्या फाइलींचा व्हिकार फॉरमॅट वाचते. कशानेही उघडा, पण 16 बिट टिफ करूनच गिंपमध्ये, म्हणजे फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये, न्या. आठ बिटांवर उतरलात की सावलीतले बारकावे गेलेच म्हणून समजा.

हात बसतो तो उजेड ताणण्यावर, आणि त्यासाठी शनीचा चंद्र इयापेटस याच्यासारखा शिक्षक नाही. त्याची एक बाजू पडलेल्या उजेडातला जेमतेम चार-पाच टक्के परत फेकते, दुसरी निम्म्याहून जास्त. 10 सप्टेंबर 2007 रोजी कॅसिनी त्याच्या जवळून गेलं, त्या दिवसाच्या फ्रेमा काढून बसा. काळ्या बाजूतली विवरं दिसावीत म्हणून लेव्हल्स ओढल्या की पांढरी बाजू जळून जाते. पांढरी सांभाळली तर काळ्या बाजूचा नुसता डाग उरतो. दोन्ही बाजू वेगवेगळ्या उजळून जोडणारेही आहेत आणि चित्र फार देखणं दिसतं, पण मग इयापेटसची मुख्य गोष्टच त्यातून निघून जाते. मी तसं करत नाही. कुणाला करायचंच असेल तर चित्राखाली तसं लिहावं.

ताणण्यातून शोधही लागतात, हे खरंच. मार्च 1979 मध्ये लिंडा मोराबितो नासाच्या व्हॉयेजर 1 या यानाच्या दिशादर्शनाचं काम करत होत्या. मागे वळून घेतलेल्या, गुरू ग्रहाचा चंद्र आयो याच्या फोटोत एक अंधुक तारा दिसावा म्हणून त्यांनी उजेड वाढवला, तर आयोच्या कडेला छत्रीसारखा ढग दिसला. पृथ्वीबाहेरचा जिवंत ज्वालामुखी माणसाने पहिल्यांदा पाहिला तो असा. ही गोष्ट ऐकून नवीन माणूस प्रत्येक फोटो तुटेपर्यंत ताणतो आणि त्याला जागोजागी कारंजी दिसू लागतात. तेव्हा एवढं माहीत असू द्या: कॅसिनीच्या फोटोंत अंधार फार ताणला की आडवे पट्टे उमटतात, तो कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक्सचा ‘नॉइज’, खरं दृश्य नव्हे. कॅमेऱ्यातल्या धूलिकणांमुळे फिकट वर्तुळं दिसतात. वैश्विक किरण आदळून पांढरे ठिपके येतात आणि ते प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असल्यामुळे रंगीत चित्रात लाल, हिरवे, निळे टिकले होऊन बसतात. काहीही विशेष दिसलं की त्याच वेळची दुसरी फ्रेम उघडा. ते चंद्राबरोबर सरकलं तर पुढे बघू. त्याच पिक्सेलवर राहिलं तर तो कॅमेरा. दुसऱ्या फ्रेममध्ये नसेलच तर सोडून द्या.

खरी कारंजी बघायची असतील तर ओपसमध्ये एन्सेलाडस लावा आणि सूर्य जवळजवळ समोर असेल असा कोन मागा, दीडशे अंशांच्या पुढचा. 27 नोव्हेंबर 2005 च्या फ्रेमांत दक्षिण ध्रुवावरून उडणारे बर्फकणांचे फवारे मागून उजळलेले दिसतात. पहिल्या काही महिन्यांत याहून आनंदाचा सराव नाही.

आणि मग रंग. लाल, हिरवा, निळा असा सरळ संच प्रत्येक भेटीत मिळतोच असं नाही. बर्फाळ चंद्रांसाठी शास्त्रज्ञ बरेचदा अवरक्त, हिरवा आणि अतिनील हे फिल्टर घेत, कारण त्यात पृष्ठभागातले फरक ठळक होतात. एन्सेलाडसच्या दक्षिणेकडचे निळसर ‘वाघपट्टे’ आपण पाहतो ते या संचातून आलेले. डोळ्याला तो चंद्र जवळजवळ पांढराच दिसेल. व्हॉयेजरच्या कॅमेऱ्याला तर लाल रंग नीट दिसतच नव्हता, त्यांनी नारिंगी फिल्टर लावला, आणि आयोची सुरुवातीची चित्रं वाजवीपेक्षा लालभडक झाली. फिल्टर न सांगता टाकलेलं रंगीत चित्र मी बघतो आणि पुढे जातो. उपलब्ध तीन फ्रेमांत हिरवी नसेल तर लाल-निळ्याची सरासरी हिरव्या जागी घालतात. चालतं, पण तेही लिहायचं.

फ्रेमा जुळवताना नुसतं सरकवून भागलं नाही, तर लहानमोठं करा, मग किंचित फिरवा. तरी किनार राहिलीच तर यान चंद्राच्या फार जवळ होतं असं समजा. तिथे आयसिसमध्ये यानाच्या स्थानाची ‘स्पाइस’ माहिती जोडून तिन्ही फ्रेमा एकाच नकाशावर पसराव्या लागतात. हे यायला वेळ लागतो, त्याची लाज बाळगू नका.

आपल्याकडचा साठाही आहे. इस्रोच्या ‘प्रदान’ पोर्टलवर नाव नोंदवलं की चांद्रयान-2 चे फोटो मिळतात, त्यातल्या एका कॅमेऱ्याचा पिक्सेल पाव मीटरच्या आसपास. 2019 मध्ये विक्रम लँडरचा पहिला अवशेष नासाच्या चांद्रकक्षेतल्या फोटोंत शोधून काढला तो चेन्नईच्या षण्मुग सुब्रमण्यन या अभियंत्याने, आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवून. नासाने त्यांना श्रेय दिलं.

नोकरीचं विचाराल तर थेट नाही. भूगोल, भूगर्भशास्त्र किंवा भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र सुदूर संवेदनात, म्हणजे उपग्रहांच्या फोटोंच्या अभ्यासात, हेच काम करायचं असतं, फक्त शेतं आणि धरणांवर. देहरादूनच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिमोट सेन्सिंगचे ऑनलाइन अभ्यासक्रम त्यासाठी बघावेत.

चित्र तयार झालं की त्याखाली नासा, जेपीएल आणि स्पेस सायन्स इन्स्टिट्यूट यांचं श्रेय, मग प्रोसेसिंगसाठी आपलं नाव, फाइल क्रमांक आणि फिल्टर. कॅसिनीवर हात बसला की व्हॉयेजरकडे जा, तिथे फोटोभर पसरलेले काळे खुणेचे ठिपके काढायला शिकाल. जुनोचे आयोचे फोटो शेवटी घ्या: ते यान स्वतःभोवती फिरत पट्ट्यापट्ट्यांनी फोटो घेतं, आणि त्या पट्ट्या जोडणं हे स्वतंत्र प्रकरण आहे.