गरोदरपणातलं पित्त: अँटासिडच्या बाटलीआधी बीपीचा पट्टा

पाचवा महिना उलटला आणि छातीच्या खळगीत किंवा उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, की घरात पहिला शब्द निघतो 'पित्त'. बहुतेक वेळा ते पित्तच असतं. पण यकृतही तिथेच आहे. प्रीएक्लॅम्पसिया या गरोदरपणातल्या बीपीच्या विकारात यकृत सुजून त्याचं आवरण ताणलं जातं, आणि ते दुखणं हुबेहूब पित्तासारखं भासतं. म्हणून २० आठवड्यांनंतर पोटाच्या वरच्या भागात दुखलं तर आधी बीपी मोजायचं, अँटासिड नंतर.

मोजायचं कसं

दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटावरचं नको. गरोदर स्त्रियांमध्ये तपासून प्रमाणित केलेलं मॉडेल मिळालं तर उत्तम, कारण काही मशीन प्रीएक्लॅम्पसियात खरं बीपी कमी दाखवतात. निदान एकदा ते दवाखान्यात नेऊन डॉक्टरांच्या मशीनशी ताडून पाहा. दंडाचा घेर ३२–३३ सेंमीपेक्षा जास्त असेल तर मोठा पट्टा लागतो. लहान पट्टा आवळला की आकडा उगाच वर जातो.

लघवीला जाऊन या. चहा घेतला असेल तर अर्धा तास जाऊ द्या. पाठ टेकून खुर्चीवर बसा, पावलं जमिनीला, मांडीवर मांडी नाही. हात टेबलावर, पट्टा हृदयाच्या उंचीला आणि बाही सारून उघड्या दंडावर. पाच मिनिटं गप्प बसा, मग मोजा. एका मिनिटाने पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे तारीख-वेळेसह वहीत लिहा. पलंगावर आडवं पडून, शेजारणीशी बोलता बोलता घेतलेल्या आकड्यावरून काही ठरवता येत नाही.

वरचा आकडा १४० किंवा खालचा ९०, यातला एकही गाठला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. निदानासाठी ते किमान चार तासांनी पुन्हा मोजतील आणि लघवीतली प्रथिनं, प्लेटलेट, यकृताची एन्झाइम व (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) क्रिएटिनिन तपासतील. १६० किंवा ११० दिसलं तर १५ मिनिटांनी परत मोजा. तरीही तेवढंच असेल तर वाट पाहू नका, १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा. १४०/९० च्या सोबत वरच्या पोटात दुखत असेल, डोकं ठणकत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, अंधारी येत असेल किंवा धाप लागत असेल, तरीही हेच करा.

बीपी बरोबर आहे म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. हेल्प सिंड्रोम या गंभीर प्रकारात रक्तपेशी फुटतात, यकृताला इजा होते आणि प्लेटलेट घटतात. त्यात काही जणींचं बीपी सुरुवातीला वाढलेलंच नसतं. पित्ताचं दुखणं बहुधा जेवणानंतर किंवा वाकल्यावर वाढतं, घशाशी आंबट येतं, अँटासिड घेतल्यावर थोड्या वेळात उतरतं. अँटासिडला दाद न देणारं, उजव्या बरगडीखाली ठाण मांडून बसलेलं, उलट्यांसोबतचं दुखणं रक्ताच्या तपासण्या करूनच निकाली काढायचं.

प्रीएक्लॅम्पसिया बळावून झटके आलेच तर बाईला डाव्या कुशीवर वळवा आणि आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करा. तोंडात चमचा, पाणी काहीही घालायचं नाही. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ जातो आणि उपयोग शून्य. रुग्णालयात झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन आणि बीपीवर लॅबेटालॉल किंवा निफेडिपिनसारखी औषधं देतात.

खरंच पित्त असेल तर

थोडं थोडं, चार-पाच वेळा खा. जेवल्यावर दोन-तीन तास आडवं होऊ नका, पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करा. एवढ्यावर भागलं नाही तर डॉक्टर अल्जिनेट किंवा साधं अँटासिड देतात, गरज पडली तर ओमेप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. घोटाळा घरगुती उपायांत होतो.

ज्येष्ठमध त्यातला पहिला. त्यातलं ग्लिसरायझिन शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम घटवतं आणि बीपी चढवतं. 'आयुर्वेदिक आहे, बाळाला चालतं' म्हणत ज्येष्ठमधाचं चूर्ण किंवा काढा गरोदरपणात रोज घेऊ नका. पित्तासाठीच्या चूर्णांच्या डब्यावरची घटकांची यादीही वाचा, त्यात ते बऱ्याचदा असतं. यष्टिमधु लिहिलेलं दिसलं तर तेच. दुसरा, खायचा सोडा आणि फसफसणाऱ्या पुड्या: त्यातून भरपूर सोडियम पोटात जातं. तिसरा, दुखतंय म्हणून घेतलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक. पोटातला अल्सर त्यांनी चिघळतो, आणि २० आठवड्यांनंतर बाळाच्या मूत्रपिंडालाही त्या बाधतात.

गोळ्यांच्या वेळा जुळवणंही आलंच. लोहाची गोळी कॅल्शियमसोबत किंवा अँटासिडवर घेतली तर अंगाला कमी लागते. किमान दोन तासांचं अंतर ठेवा, चहा दूर ठेवा, लिंबूपाणी चालेल. लोहाच्या गोळीने शौच काळपट-हिरवट होते, त्याने घाबरायचं नाही. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच किंवा रक्ताची उलटी म्हणजे पोटात रक्तस्राव, तेव्हा थेट रुग्णालय.

एच. पायलोरी आणि बीपी

जळजळीच्या मुळाशी काही वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो. युरिएझ हे एन्झाइम वापरून तो अमोनिया तयार करतो आणि जठराच्या आम्लातही तग धरतो. तो बहुधा लहानपणीच, घरातल्या माणसांकडून किंवा अस्वच्छ अन्नपाण्यातून येतो आणि औषध घेतल्याशिवाय सहसा जात नाही. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना याच जंतूच्या शोधासाठी २००५ चं नोबेल मिळालं.

काही अभ्यासांत प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या स्त्रियांच्या रक्तात या जंतूच्या, विशेषतः कॅग-ए हे प्रथिन असलेल्या जातीच्या प्रतिपिंडांचं (जंतूविरुद्ध शरीर तयार करतं त्या प्रथिनांचं) प्रमाण जास्त आढळलं. प्रयोगशाळेत ही प्रतिपिंडं वारेच्या पेशींना चिकटून त्यांची गर्भाशयाच्या भिंतीत रुजण्याची क्षमता कमी करताना दिसली, आणि वार नीट न रुजणं हेच प्रीएक्लॅम्पसियाचं मूळ मानतात. पण हा संबंध आहे, कारण नव्हे. जंतू मारला की बीपी टळतं हे सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे बीपीच्या भीतीने अँटिबायोटिक मागू नका.

तपासणी मागायची ती अल्सरचा इतिहास असेल, उलट्या थांबतच नसतील किंवा लोहाच्या गोळ्या नेमाने घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नसेल तर. हा जंतू लोह शोषण्यात अडथळा आणतो. शौचातली अँटिजेन चाचणी, म्हणजे जंतूचे अंश शोधणारी, गरोदरपणात सोयीची. श्वासाच्या चाचणीचे दोन प्रकार आहेत: कार्बन-१३ मध्ये किरणोत्सर्ग नसतो, कार्बन-१४ मध्ये थोडा असतो, म्हणून गरोदरपणात तो टाळतात. रक्तातली प्रतिपिंडांची चाचणी स्वस्त आहे, पण जुना बरा झालेला संसर्गही ती 'पॉझिटिव्ह' दाखवते. तिच्यावर औषध सुरू करू नये. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद नसेल तर अँटिजेन आणि श्वासाची चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

जंतू सापडला तरी रक्तस्राव किंवा अल्सर नसेल तर औषधोपचार सहसा बाळंतपणानंतर करतात, कारण नेहमीच्या संचातली टेट्रासायक्लिन आणि बिस्मथ गरोदरपणात चालत नाहीत. मैत्रिणीचा उरलेला संच तर नकोच.

बीपी टाळण्यासाठी खरोखर काय करतात

आधीच्या खेपेला प्रीएक्लॅम्पसिया झालेला, जुळी, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, ल्युपस किंवा आधीपासूनचं बीपी असेल तर डॉक्टर १२ व्या आठवड्यापासून, शक्यतो १६ व्या आठवड्याच्या आत, रोज ७५ ते १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन सुरू करतात. अल्सर झाला होता किंवा एच. पायलोरी आहे हे त्यांना आधी सांगा, कारण ॲस्पिरिन आणि तो जंतू मिळून जठरातून रक्तस्रावाचा धोका वाढवतात. गरज असेल तर सोबत आम्ल कमी करणारी गोळी देतात. सरकारी योजनेतल्या ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमच्या दोन गोळ्या १४ व्या आठवड्यापासून रोज घ्यायच्या. बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिल चालू असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांकडून बदलून घ्या. कळायला उशीर झाला तर लगेच फोन करा. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी केंद्रांवर बीपी, लघवी आणि हिमोग्लोबिन मोफत तपासतात.

बाळंतपण झालं की वही माळ्यावर टाकू नका. बीपीचा आकडा साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत वर जातो, म्हणजे नेमका बाळंतीण घरी किंवा माहेरी परतल्यावर, आणि प्रीएक्लॅम्पसिया सहा आठवड्यांपर्यंत नव्यानेही उद्भवू शकतो. वर सांगितलेले आकडे आणि लक्षणं त्या दिवसांनाही तशीच लागू. एच. पायलोरीचं औषध घ्यायचं ठरलं तर 'मी अंगावर पाजते' हे डॉक्टरांना सांगा, १४ दिवसांचा संच मध्येच सोडू नका, आणि संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू गेला की नाही याची चाचणी करा.