बाइंडिंग अ‍ॅसे: या चुका टाळा

पेशीच्या पडद्यावरच्या रिसेप्टरला (संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटणारे रेणू शोधायला रेडिओलिगँड बाइंडिंग, म्हणजे किरणोत्सारी खूण लावलेला रेणू (लिगँड) रिसेप्टरला किती चिकटतो ते मोजणं, ही आजही भरवशाची पद्धत आहे. पण बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या एम.एस्सी.च्या प्रकल्पांत दर वर्षी त्याच चुका दिसतात.

सगळ्यांत महागात पडते ती झाडपाल्याचा कच्चा अर्क थेट अ‍ॅसेत, म्हणजे या चाचणीत, घालण्याची घाई. एका प्रकल्पात खानापूरच्या रानातल्या हिरड्याच्या अर्काने काउंट (चिकटलेल्या लिगँडच्या किरणोत्साराचा आकडा) पार खाली आणले, म्हणजे अर्कातलं काहीतरी लिगँडची जागा घेतंय असं वाटलं. पोस्टर छापून झालं, मग कुणीतरी तोच अर्क अजिबात संबंध नसलेल्या दुसऱ्या रिसेप्टरवर तपासला. तिथेही काउंट तसेच पडले! हिरड्यात टॅनिन भरपूर असतं आणि ते दिसेल त्या प्रथिनाला धरून साका पाडतं. त्यामुळे अर्क आधी पीव्हीपीपीसोबत (टॅनिन धरून ठेवणारी, न विरघळणारी पूड) ढवळून, गाळून घ्या. मग मेम्ब्रेन (रिसेप्टर असलेले पेशींच्या पडद्याचे तुकडे) अर्कात अर्धा तास ठेवा, सेंट्रिफ्यूजमध्ये ४०,००० जी वर (गुरुत्वाच्या ४०,००० पट) २० मिनिटं फिरवा, ताज्या बफरने दोनदा धुवा आणि नंतरच लिगँड घाला. बाइंडिंग परत आलं तर पुढे चला. नाही आलं तर एक तर रिसेप्टर खराब झालाय, नाहीतर रेणू सुटत नाहीये. दुसऱ्या रिसेप्टरवरची तपासणी मात्र पहिल्याच आठवड्यात करा, पोस्टरनंतर नव्हे.

वहीत ‘रूम टेंपरेचर’ लिहिणं बंद करा. बेळगावात डिसेंबरच्या सकाळी खोली १५ अंशांवर असते, एप्रिलच्या दुपारी ३५ वर. ट्रिस या बफरचा पीएच तापमानाच्या दर वाढत्या अंशाला साधारण ०.०२८ ने उतरतो: २५ अंशांना ७.४ लावलेला बफर ४ अंशांना ८ च्या आसपास जातो, ३५ ला ७.१ वर येतो. शिवाय थंडीत समतोल (लिगँडचं चिकटणं आणि सुटणं सारखं होणं) यायला वेळ लागतो. वॉटर बाथ वापरा आणि पीएच त्याच तापमानाला लावा. किटच्या कागदावर ३० मिनिटं लिहिलंय म्हणून ३० मिनिटांत उरकू नका. लिगँडच्या सर्वांत कमी प्रमाणाला समतोल सर्वांत उशिरा येतो, वेळ तिथेच तपासायची.

शेवटी मेम्ब्रेन गाळून घ्यायचे जीएफ/बी (काचतंतूंचे) फिल्टर ०.३% पीईआयमध्ये (पॉलिएथिलिनइमिन) तासभर भिजवा, नाहीतर लिगँड फिल्टरलाच चिकटतो. धुणं बर्फगार बफरने, तीनदा, दहा सेकंदांच्या आत.

रेणू विरघळवायला वापरलेलं डीएमएसओ हे द्रावक १% च्या आत, आणि कंट्रोलसकट सगळ्या नळ्यांत सारखं.

बांधला गेलेला लिगँड घातलेल्याच्या १०% हून जास्त झाला तर मेम्ब्रेन कमी करा.

मेम्ब्रेनचे छोटे भाग करून गोठवा. रात्री लाइट जाऊन फ्रीजर वितळला असेल, तर ती बॅच टाकून द्यायची. जीव तुटतो, पण टाकायचीच.

आयसी५० (लिगँडचं बाइंडिंग निम्म्यावर आणणारं रेणूचं प्रमाण) थेट दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्याशी ताडू नका. लिगँडचं प्रमाण बदललं की आयसी५० ही बदलतो. रेणू त्याच जागेसाठी स्पर्धा करतोय याची खात्री झाल्यावर चेंग-प्रुसॉफच्या सूत्राने केआय (लिगँडच्या प्रमाणावर न ठरणारा, रेणूच्या चिकटण्याचा आकडा) काढा आणि वापरलेला केडी (निम्मे रिसेप्टर व्यापणारं लिगँडचं प्रमाण) शेजारी लिहा.