ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं, स्त्री आणि पुरुष: या चुका टाळा

ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, मॉर्फिन, फेंटानिलची पट्टी ही सगळी ओपिऑइड, म्हणजे अफूसारखं काम करणाऱ्या गटातली औषधं. तीच गोळी, तेवढीच मात्रा घेऊन नवऱ्याला नुसती गुंगी येते आणि बायको दिवसभर ओकत राहते. "बायकांना औषध सोसत नाही" म्हणून विषय संपवला, की पुढच्या चुका सुरू होतात.

गाडी लागते हे न सांगणं. ऑपरेशननंतरच्या उलट्यांचा अंदाज घ्यायला भूलतज्ज्ञ अ‍ॅपफेल गुणांकन वापरतात. त्यात चारच बाबी आहेत: स्त्री असणं, सिगारेट न ओढणं, गाडी लागण्याचा किंवा आधीच्या ऑपरेशननंतर उलट्यांचा इतिहास, आणि ऑपरेशननंतर ओपिऑइड मिळणं. एक बाब लागू असेल तर शक्यता साधारण २० टक्के, चारही असतील तर ८० टक्क्यांच्या आसपास. घाटात उलट्या होणाऱ्या, सिगारेट न ओढणाऱ्या बाईला ओपिऑइड द्यायचं ठरलं की चारही बाबी भरल्या. ही माहिती आधी कळली तर उलटीविरोधी औषध ऑपरेशनच्या वेळीच देता येतं. पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

मळमळीवर परस्पर ऑनडॅनसेट्रॉन. या गोळीने बद्धकोष्ठ वाढतं, शिवाय ट्रामाडॉलचा वेदना कमी करण्याचा परिणामही घटू शकतो. ओपिऑइडची मळमळ बहुतेकदा आठवडाभरात ओसरते. तोवर मात्रा कमी करायची की औषध बदलायचं, हे डॉक्टरांना विचारा.

बद्धकोष्ठ मात्र आपोआप ओसरत नाही, मग रुग्ण बाई असो वा पुरुष. कमी पाण्यात इसबगोल घेतला तर मल आणखी घट्ट होऊन अडकतो. सेना, बिसाकोडिल किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल या पोट साफ करणाऱ्या औषधांपैकी काय घ्यायचं ते पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावं.

मनाच्या गोळ्या लपवणं. नैराश्यावरची औषधं बायकांना जास्त लिहून दिली जातात आणि घरात ती बऱ्याचदा गुपचूप चालू असतात. फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन ही औषधं ट्रामाडॉलचं यकृतात प्रभावी रूप होऊ देत नाहीत. दुखणं थांबत नाही म्हणून रुग्ण जास्तीची गोळी घेतो, आणि मग फिट येण्याचा किंवा मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन वाढून थरथर, ताप, घाम सुरू होण्याचा धोका वाढतो. साठीपुढच्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या बाई ट्रामाडॉल सुरू झाल्यावर असंबद्ध बोलू लागल्या, तर वयावर ढकलू नका; रक्तातलं सोडियम घटलंय का ते तपासा.

बाळाला पाजताना कोडीन किंवा ट्रामाडॉल. काही आयांच्या शरीरात कोडीनचं मॉर्फिन फार झपाट्याने होतं आणि ते दुधातून बाळापर्यंत पोहोचतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१७ साली स्तनपानाच्या काळात ही दोन्ही औषधं टाळायला सांगितलं. बाळ सुस्त पडलं, दूध ओढेना, श्वास अडखळू लागला तर थांबू नका, तडक दवाखान्यात न्या.

पुरुषांना न विचारलेले प्रश्न. प्रोस्टेट वाढलेल्याची लघवी पहिल्या काही गोळ्यांनीच तुंबू शकते. औषध महिनोन्‌महिने चाललं तर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन घटतं: इच्छा कमी होते, ताठरता येत नाही, थकवा येतो, हाडं ठिसूळ होतात. लाजेपोटी हे सांगितलं जात नाही. तपासणीचं रक्त सकाळी १० च्या आत द्यावं. मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन परस्पर घेऊ नये, शुक्राणू घटतात. बायकांमध्ये हार्मोनच्या अशाच गडबडीने पाळी अनियमित होते किंवा थांबते. ती कायमची गेली असं गृहीत धरू नये. गर्भ राहू शकतो.

घोरणं म्हणजे गाढ झोप समजणं. झोपेत श्वास थांबण्याचा आजार पुरुषांत जास्त, त्यात ओपिऑइडसोबत दारू किंवा झोपेची गोळी पोटात असली की श्वास बंद पडण्याचा धोका कैकपटीने वाढतो. मिनिटाला १० पेक्षा कमी श्वास, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या डोळ्यांच्या बाहुल्या, हलवूनही जाग नाही, अशी अवस्था दिसली तर कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. श्वास थांबलाच तर फोनवर सांगतील तसा कृत्रिम श्वास सुरू करा. रिकामी पाकिटं सोबत घ्या, किती गोळ्या गेल्या ते रुग्णालयात त्यावरून कळतं.