हाताने घडवलेला दागिना परदेशी पाठवताना

परदेशातून पहिली मागणी आली की बहुतेक जण आधी सुबक डबी शोधू लागतात. माझा आग्रह मात्र असा आहे की आधी सीमाशुल्क घोषणापत्र लिहायला घ्यावे, कारण ज्या अधिकाऱ्याच्या हाती ते पार्सल पडणार आहे, त्याला आपली कारागिरी दिसत नाही, फक्त त्या कागदावरची एक ओळ दिसते.

ती ओळ नेमकी हवी. ‘दागिने’ किंवा ‘भेटवस्तू’ एवढेच लिहिलेले पार्सल अडकून पडण्याची शक्यता वाढते. त्याऐवजी ‘पितळी तारेचे, काचमणी ओवलेले कानातले, एक जोड’ असे लिहिल्यास धातू, घटक, वस्तू आणि नग या चारही गोष्टी एका दमात कळतात. सोबत एचएस कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांक, द्यावा. त्याचे पहिले सहा अंक जवळपास सर्व देशांत सारखेच असतात आणि त्यांतील पहिले चार आपल्या कामासाठी फार महत्त्वाचे आहेत: सोन्याचांदीचे दागिने ७११३ मध्ये, मोत्यांच्या किंवा रत्नांच्या नुसत्या ओवलेल्या माळा ७११६ मध्ये आणि नकली दागिने ७११७ मध्ये येतात. चांदीचा केवळ मुलामा दिलेले पितळ ७११७ मध्येच राहते, पण तोच नग अस्सल चांदीत घडवला की ७११३ मध्ये जातो. त्यामुळे प्रत्येक नमुन्याचा कोड त्याच्या किमतीसोबतच वहीत नोंदवून ठेवणे सोयीचे पडते.

किंमत खरी लिहावी. सुरुवातीच्या काळात एका ग्राहकाच्या विनंतीवरून मी एका हाराची किंमत निम्म्याहून कमी लिहिली आणि ‘भेट’ या चौकोनात खूणही केली. ते पार्सल वाटेत हरवले आणि भरपाई मिळाली ती मी लिहिलेल्या रकमेइतकीच. पैशाचे नुकसान सोसता आले असते, पण विकलेल्या वस्तूला भेट म्हणणे ही खोटी घोषणा आहे आणि तिची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

कराचे नियम देशागणिक वेगळे आहेत आणि अलीकडे ते बरेच बदलले आहेत. युरोपीय संघात १ जुलै २०२१ पासून लहानात लहान आयात पार्सलवरही मूल्यवर्धित कर लागतो. १५० युरोपर्यंतच्या मालावर तो विक्रीच्या वेळीच घेण्याची आयओएसएस नावाची सोय आहे. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२१ पासून १३५ पौंडांपर्यंतच्या मालावर विक्रीच्या वेळी कर आकारला जातो. अमेरिकेची ८०० डॉलरपर्यंतच्या मालावरची आयातशुल्काची सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून स्थगित झाली. मोठ्या ऑनलाइन बाजारमंचावरून विक्री होत असेल तर यातला काही कर मंचच गोळा करतो. स्वतःच्या संकेतस्थळावरून विकताना मात्र कर कोण भरणार, हे मागणी नोंदवण्याच्या पानावरच स्पष्ट लिहावे. दारात अनपेक्षित रक्कम मागितली गेली की ग्राहक पार्सल नाकारतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

साहित्याबाबतही सावध राहावे. पोवळे, कासवाची पाठ, हस्तिदंत यांसारख्या प्राणिज वस्तूंवर साइट्स या वन्यजीव-व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध असू शकतात, त्यामुळे परवान्याची चौकशी केल्याशिवाय ते पाठवू नये. युरोपीय संघात टोचलेल्या कानात जाणाऱ्या दांडीतून दर आठवड्याला प्रति चौरस सेंटिमीटर ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी निकेल बाहेर पडायला हवे. हुक घाऊक घेताना पुरवठादाराकडून तसे लेखी घ्यावे.

आता डबी. दागिना हलका असला तरी कुरिअर कंपन्या आकारमानाचेही वजन धरतात: लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५,००० ने भागतात. म्हणजे २० × १५ × १० सेंमीच्या खोक्याचे वजन ६०० ग्रॅम धरले जाते, आत चाळीस ग्रॅमचे झुमके असले तरी. नाजूक साखळी फासा लावून जाड पुठ्ठ्याच्या खाचांत ताणून बसवावी आणि मागून चिकटपट्टीने धरावी. सैल ठेवलेली साखळी पोचेपर्यंत अशी गुंतते की ती सोडवताना कडी तुटते. चांदीभोवती रबरबँड कधीही गुंडाळू नये, कारण रबरातील गंधकाने ती काळवंडते. खोक्यावर बाहेरून ‘दागिने’ असे ठळक लिहू नये. ती माहिती घोषणापत्रापुरतीच ठेवावी.

टपालाने पाठवताना कमी किमतीच्या लहान पाकिटाला सीएन २२ आणि त्यापुढे सीएन २३ हा घोषणापत्राचा अर्ज लागतो. मौल्यवान दागिने साध्या, विमा नसलेल्या टपालातून पाठवण्यास बंदी असते, म्हणून आपल्या टपालसेवेची आणि ज्या देशात माल जाणार त्या देशाची निषिद्ध वस्तूंची यादी आधी वाचावी. माग ठेवता येणारी सेवा महाग वाटली तरी माझ्या मते ती टाळू नये.

पार्सल बंद करण्यापूर्वी दागिन्याचे वजनकाट्यावर ठेवलेले छायाचित्र घ्यावे आणि बिल, घोषणापत्र व पावती यांच्या प्रती एकत्र ठेवाव्यात. माल परत आला तर तो आपणच पाठवलेला होता हे याच कागदांवरून दाखवता येते; अन्यथा स्वतःच्याच दागिन्यावर आयातशुल्क भरण्याची वेळ येऊ शकते.