लेकराचा वरचा सुळा अजून आला नाही? मग या चुका टाळा

वरचे सुळे म्हणजे समोरच्या चार दातांच्या दोन्ही बाजूंचे टोकदार दात. पक्के सुळे साधारण ११-१२ व्या वर्षी येतात, काहींना थोडं मागंपुढं होतं. पण शंभरातल्या एक-दोन लेकरांचा सुळा वाट चुकतो आणि आत हाडातच अडकून बसतो, बहुतेक वेळा टाळूच्या बाजूला. पोरींमध्ये हे जास्त दिसतं. वेळेत धरलं तर काम सोपं असतं, आणि आपल्याकडं नेमकी ती वेळच हातची जाते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दुखायची वाट बघणं. "दुखत नाही ना, मग येईल की हळूहळू" असं घरचे म्हणतेत, कधीकधी डॉक्टरही म्हणतेत. अडकलेला सुळा बहुतेक वेळा दुखतच नाही, तो गुपचूप शेजारच्या पक्क्या दाताचं मूळ झिजवू शकतो आणि तेही दुखत नाही, म्हणून कळतं तेव्हा चांगल्या दाताचं अर्धं मूळ गेलेलं असू शकतं.

दुसरी चूक, तोंडात बघायचं पण बोट लावायचं नाही. लेकरू ९-१० वर्षांचं म्हणजे चौथी-पाचवीत असलं की हात स्वच्छ धुवा, लेकराला उजेडाकडं तोंड करून बसवा, वरचा ओठ उचला आणि दुधाच्या सुळ्याच्या वर, हिरडीच्या बाहेरच्या बाजूनं अगदी वरपर्यंत बोटाचं टोक हळूच फिरवा. भुईमुगाच्या दाण्याएवढा टणक उंचवटा लागला की पक्का सुळा वाटेवर आहे असं समजा. दोन्ही बाजू करा, एकीकडं लागतो आणि दुसरीकडं नाही हेच तर पकडायचंय. दुधाच्या सुळ्याचं मूळही कधीकधी तसंच हाताला लागतं, म्हणून शंका असली तर डेंटिस्टकडून खात्री करून घ्या. ११ व्या वर्षापर्यंतही काहीच लागत नसेल तर एक्स-रे काढाच.

दुधाचा सुळा १२-१३ व्या वर्षीही घट्ट आहे म्हणजे दात मजबूत, असं नसतं हो! पक्का दात खालून बरोबर येत असला की दुधाच्या दाताचं मूळ विरघळतं आणि तो हलायला लागतो. हलतच नाही म्हणजे खालचा कुठंतरी भरकटला असेल. एका बाजूचा सुळा येऊन सहा महिने झाले तरी दुसरा नाही, समोरच्या मधल्या दोन मोठ्या दातांच्या शेजारचा दात बारीक, सुईसारखा आहे किंवा आलाच नाही, आई-बापाचा किंवा भावंडाचा सुळा अडकलेला होता, यातलं काहीही असलं तर जास्त लक्ष द्या.

आता आमच्या डेंटिस्ट मंडळींसाठी. एक्स-रे न काढता दुधाचा सुळा उपटून "आता येईल" म्हणून घरी पाठवू नका. वेळेवर, जागा असताना, टाळूकडं वळलेल्या सुळ्यासाठी दुधाचा सुळा काढणं हा खरंच चांगला उपाय आहे. स्वीडनच्या एरिकसन आणि कुरोल यांनी १९८८ साली १० ते १३ वर्षांच्या मुलांमध्ये असं करून पाहिलं, तेव्हा ७८ टक्के सुळे वाटेवर आले. सुळा शेजारच्या दातावर जितका जास्त चढलेला तितकी आशा कमी. आणि काढल्यावर सहा महिन्यांनी बघायचं, वर्षात फरक नसेल तर पुढं पाठवायचं, हे चिठ्ठीवर लिहून द्या. सुळा बाहेर आहे की टाळूकडं हे एका ओपीजीवर (अख्ख्या जबड्याच्या एक्स-रेवर) ठरवू नका. त्याच भागाचे दोन छोटे एक्स-रे, एक्स-रे मशीनची ट्यूब थोडी सरकवून घ्या, ट्यूबच्या दिशेनं सरकलेला दात टाळूकडचा.

चिठ्ठीत नुसतं "दातासाठी पाठवत आहे" लिहिलं की पुढच्या डॉक्टरला पहिल्यापासून सगळं करावं लागतं. वय, कोणत्या बाजूचा सुळा, हाताला लागतो का, दुधाचा सुळा हलतो का, एवढं लिहा आणि एक्स-रे सोबत द्या. किनवट, देगलूरहून संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात जायचं म्हणजे अख्खा दिवस आणि आई-बापाची मजुरी जाते, तिथं गेल्यावर "आधी एक्स-रे काढून आणा" ऐकायला लागलं तर ते परत येत नाहीत. त्यांचा दोष नाही त्यात.

बीड, धाराशिवकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं तर वेगळंच बघावं लागतं. दिवाळीच्या आसपास टोळी निघाली की लेकरं थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात, शाळेत आरबीएसकेची (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची) टीम वर्षातून एकदा येते आणि नेमकी तेव्हा हीच लेकरं फडात असतात. म्हणून पावसाळ्यातच, शाळा भरलेली असताना, चौथी ते सहावीच्या लेकरांच्या हिरड्या चाचपून घ्या आणि पुढची तपासणी टोळी परतल्यावरची धरा. एक्स-रेचा फोटो आईच्या मोबाईलमध्ये ठेवायला सांगा, कागद गाडीत-कोपीत हरवतो.

पोरगं १४-१५ चं झालं म्हणून "आता काय उपयोग" असंही म्हणू नका. बारीक ऑपरेशन करून सुळा उघडा करतात, त्याला बटण चिकटवून तारेनं हळूहळू खाली ओढतात. दोन वर्षं किंवा जास्तही लागू शकतात, खर्च होतो, दर महिना-दीड महिन्याला चकरा होतात, पण बऱ्याच जणांचा दात जागेवर येतो. फक्त शेजारच्या दाताचं मूळ किती झिजलंय ते आधी नीट बघून घ्यायला सांगा, गरज पडली तर सीबीसीटी (दात-जबड्याचा थ्रीडी स्कॅन) करून, कारण पुढचा सगळा प्लॅन त्यावर ठरतो.