न्यू पोकेमॉन स्नॅप : मुलांसोबत खेळताना या चुका टाळा

मे महिन्यात ठाण्यात दुपारी मुलांना खाली खेळायला सोडता येत नाही. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत त्या वेळात बऱ्याच घरांतून ‘न्यू पोकेमॉन स्नॅप’ चालू असतो. निन्टेन्डो स्विच या गेम खेळायच्या यंत्रावरचा हा गेम एप्रिल २०२१ मध्ये आला. यात मारामारी नाही, कुणी हरत नाही. लेंटल नावाच्या बेटांवर निओ-वन या लहानशा गाडीत बसायचं. गाडी तिच्या ठरलेल्या वाटेने जाते आणि आपण आजूबाजूच्या पोकेमॉनचे, म्हणजे गेममधल्या काल्पनिक प्राण्यांचे फोटो काढायचे. पहिलीतल्या पोरापासून आजीपर्यंत कुणालाही जमतो.

तरीही बरीच मुलं दोन दिवसांत म्हणतात, ‘तेच तेच आहे, बोअर होतंय.’ असं झालं की गेम बदलायची घाई करू नका. बहुतेक वेळा गेमचे नियम नीट कळलेले नसतात.

सगळ्यात मोठा गैरसमज ताऱ्यांचा. फोटोला एक तारा मिळाला की मूल हिरमुसतं आणि चार मिळाले की उड्या मारतं. पण ताऱ्यांची संख्या फोटो किती चांगला आहे हे सांगतच नाही. पोकेमॉन त्या क्षणी काय करत होता, ते दृश्य किती दुर्मीळ होतं, एवढंच ती सांगते. नुसता उभा असेल किंवा चालत असेल तर साधारणपणे एक तारा, क्वचितच दिसणारं काही करत असेल तर चार. फोटोचा दर्जा ताऱ्याच्या रंगावरून कळतो : कांस्य, रौप्य, सुवर्ण आणि सगळ्यात वर हिरा. म्हणजे एका ताऱ्याचा फोटोही हिऱ्याचा असू शकतो आणि चार ताऱ्यांचा फोटो कांस्यावर अडकू शकतो. फोटोडेक्स या अल्बममध्ये प्रत्येक पोकेमॉनसाठी चार जागा असतात, एक ते चार ताऱ्यांसाठी एकेक. चारही भरायच्या, म्हणजे एक ताराही हवाच असतो. हे समजावून सांगितलं की रडारड थांबते.

याच्याच पोटात दुसरी चूक आहे. फेरी संपल्यावर गेममधले प्रोफेसर मिरर फोटो तपासतात, पण एका फेरीत एका पोकेमॉनचा एकच फोटो त्यांना देता येतो. मुलं सवयीने सगळ्यात गोड दिसणारा फोटो देतात, आणि त्या ताऱ्याची जागा आधीच भरलेली असते. द्यायच्या आधी अल्बममध्ये कुठली जागा रिकामी आहे ते बघायची सवय लावा. चार जागा भरायच्या तर निदान चार फेऱ्या कराव्या लागणारच. लेनटॉकवर, म्हणजे गेममधली पात्रं हवे ते फोटो मागतात त्या यादीत, येणाऱ्या फर्माइशींचंही तसंच. कुणी मागितलेला क्षण कॅमेऱ्यात पकडला, पण प्रोफेसरांना भलताच फोटो दिला, तर फर्माईश पूर्ण होत नाही. ‘मी काढला होता तरी झालं नाही’ या तक्रारीचं कारण बहुधा हेच असतं.

आता गुण कसे मिळतात ते बघू. पोकेमॉनची पोझ, तो किती मोठा दिसतो, तोंड कॅमेऱ्याकडे आहे का, चौकटीत मधोमध आहे का, सोबत दुसरे पोकेमॉन आहेत का आणि मागचं दृश्य कसं आहे, या सहा गोष्टी मोजल्या जातात. लहान मुलं यातलं तोंडाचं हमखास विसरतात. शेजारची दुसरीतली मुलगी पहिल्याच फ्लोरिओ पार्कात बिडूफचे फोटो काढत होती. पाण्याकाठचा तो तपकिरी गुबगुबीत प्राणी दिसला रे दिसला की बटण दाबायची. सगळे फोटो पाठमोरे, नुसती शेपटी आणि ढुंगण. तिला म्हटलं, बटणावर बोट ठेव पण दाबू नको, त्याने मान वळवली की मग दाब. पुढच्या फेरीत ती जीभ दातांत धरून थांबली, आणि समोरून, डोळे दिसणारा, बरोबर मधला फोटो मिळाला. जवळ घेण्याच्या नादात कान-शेपूट कापले जाणार नाहीत एवढं मात्र बघा. एका फेरीत ७२ फोटो मिळतात. सुरुवातीलाच धडाधड बटण दाबलं तर शेवटच्या वळणावर काहीच उरत नाही.

फळं फेकायला लाजू नका. गेममधलं फ्लफ्रूट मऊ असतं, लागत नाही, आणि त्यामुळेच पोकेमॉन खायला येतात, दचकतात, वळून बघतात. पुढे सूर वाजवता येतो, चमकणारे इल्युमिना गोळे मिळतात, स्कॅन करून लपलेल्या वाटा सापडतात. या गोष्टी न वापरता फक्त फोटो काढत राहिलं तर खरंच तेच तेच दिसतं. शिवाय दिलेल्या फोटोंच्या गुणांवर त्या जागेची पातळी वाढते, आणि पातळी वाढली की तिथलेच पोकेमॉन वेगळं वागायला लागतात, नवेही येतात. दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा जाऊन बघा.

पण फळं फेकणं गेमपुरतंच, हे मुलांना स्पष्ट सांगा. हा गेम खेळलेल्या मुलांना ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून फ्लेमिंगो बघायला नेलं की ती चटकन रमतात. तिथेही बोट ठरलेल्या वाटेने जाते, उतरता येत नाही, पक्ष्याने मान वर करेपर्यंत थांबावं लागतं. ठाणे खाडीचं हे अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आलं. तिथल्या कुठल्याच पक्ष्याला काही टाकायचं नाही. हिवाळ्यात खाडीवर सीगलना गाठिया आणि शेव टाकणारी मोठी माणसं मुलं बघतात आणि तेच करू पाहतात. तळलेलं, खारट खाणं पक्ष्यांसाठी वाईट असतं. ही एक गोष्ट मी मुलांना दर वेळी बजावून सांगते.

भावंडं असतील तर गेम सुरू करण्याआधीच स्विचवर प्रत्येकाचं वेगळं युजर खातं करा. दोघं एकाच खात्यावर खेळली की ताईचा अल्बम दादाच्या फोटोंनी भरतो आणि घरात महाभारत होतं. कॅमेरा फार वेगात फिरत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन वेग कमी करा. कंट्रोलर हलवून नेम धरायची सोयही आहे, काही मुलांना ती बटणांपेक्षा सोपी जाते.

कार्ट्रिज घेतलं असेल तर एकदा वायफाय लावून अपडेट करून घ्या. ऑगस्ट २०२१ च्या मोफत अपडेटमध्ये तीन नव्या जागा आणि २० पोकेमॉन आले आहेत. आजी-आजोबांना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायचा असेल तर आधी कंट्रोलरवरच्या चौकोनी बटणाने स्क्रीनशॉट घ्या. मग स्विचच्या अल्बममधून ‘स्मार्टफोनवर पाठवा’ निवडून क्यूआर कोड स्कॅन करा. एका वेळी दहा फोटो जातात.