प्रिंटएफ काढला आणि बग सापडला

आमच्या मोटर कंट्रोलरच्या बोर्डवर कंट्रोल टास्क (मोटर सांभाळणारं काम) दिवसातून दोन-तीनदा उशिरा धावायचा. शोधायला प्रिंटएफ (सीरियल पोर्टवर मजकूर पाठवणारं फंक्शन) टाकला की त्रास गायब! 115200 बॉडवर (सेकंदाला तेवढे बिट) 40 अक्षरांची ओळ जायला साधारण साडेतीन मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात वेळेचं सगळं गणितच बदलतं.

मग रॅममध्ये 512 नोंदींचा रिंग बफर केला; तो भरला की सर्वांत जुन्या नोंदीवर नवी लिहिली जाते. नोंदीत दोनच गोष्टी: टास्कचा क्रमांक आणि कॉर्टेक्स-एम4 प्रोसेसरच्या सायकल काउंटरचा, म्हणजे क्लॉकचे ठोके मोजणाऱ्या रजिस्टरचा, आकडा. टास्क बदलताना चालणारा ट्रेस मॅक्रो फ्रीआरटॉस या टास्क चालवणाऱ्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये असतोच, कॉन्फिग फाइलमध्ये तो आपल्या कोडला जोडायचा. काउंटर आधी शून्यावरच अडून बसला होता; डीबग रजिस्टरमधला ट्रेस एनेबलचा बिट अगोदर चालू करावा लागतो. शिवाय 168 मेगाहर्ट्झला हा 32 बिटी काउंटर सुमारे साडेपंचवीस सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो.

कंट्रोल टास्कची ठरलेली वेळ, म्हणजे डेडलाइन, हुकली की नोंदी थांबवायच्या आणि बफर डीबगरमधून वाचायचा, एवढंच ठरवलं. दुसऱ्याच दिवशी चित्र समोर आलं. एसपीआयचं (चिप जोडणाऱ्या सामायिक बसचं, एका वेळी एकालाच वापरू देणारं) लॉक सर्वांत खालच्या प्रायॉरिटीच्या लॉगिंग टास्ककडे, मधला डिस्प्ले टास्क 11 मिलिसेकंद धावतोय, आणि सर्वांत वरचा कंट्रोल टास्क लॉकची वाट बघत ताटकळलेला. प्रायॉरिटी इन्व्हर्जन, म्हणजे प्राधान्यक्रमच उलटा! 1997 मध्ये मंगळावर पाथफाइंडर यानही याच दुखण्यामुळे वारंवार रीसेट होत होतं.

लॉक म्हणून मी बायनरी सेमाफोर वापरला होता. त्यात प्रायॉरिटी इनहेरिटन्स नसतं, म्हणजे वरचा टास्क वाट बघत असला तरी लॉक धरणाऱ्याला तेवढ्यापुरती त्याची प्रायॉरिटी मिळत नाही. म्हणून ते असलेला लॉक, म्यूटेक्स, घातला. तीन आठवडे झाले, एकही डेडलाइन चुकलेली नाही. रिंग बफर मात्र कोडमध्ये तसाच ठेवलाय.